आईला रोज रात्री मोठ्याने वाचून दाखवायला पुस्तकं सुचवा, कादंबरी, गूढ, प्रवास, काहीही चालेल

कुळागर (डिचोली)

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

आमची आई ७६ वर्षांची. प्राथमिक शाळेत मराठी शिकवायची, आधी सत्तरी तालुक्यात आणि मागीर आमच्या डिचोली तालुक्यात, पहिली काही वर्षं तर एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी सगळी पोरं एकाच खोलीत. वाचायचा नाद जबरदस्त. आम्ही लहान असताना चुलीवर पेज शिजत असायची आणि तिच्या हातात पुस्तक असायचंच, काय मिळेल ते वाचायची, मामाने आणलेले अर्नाळकरांचे काळा पहाड आणि झुंजार पण आणि युगान्त पण.

गेल्या पावसाळ्यापासून तिच्या दोन्ही डोळ्यांत पडद्याचा मधला भाग खराब झालाय, दोतोर त्याला मॅक्युला म्हणतात. कडेचं दिसतं, त्यामुळे घरात फिरते, तुळशीला पाणी घालते, माणूस दारात आला तर कळतं, पण ज्या अक्षरावर नजर लावायची नेमकं तेच पुसल्यासारखं होतं. भिंग आणून दिलं, टॅबवर अक्षरं मोठी करून दिली, पण एका ओळीत तीन शब्द मावतात आणि चौथ्यापर्यंत पहिला विसरायला होतो असं म्हणाली आणि टॅब बाजूला ठेवला. नंतर आठ दिवस पुस्तकाचं नावच काढलं नाही. मला ते बघवेना म्हणून मीच वाचून दाखवायला लागलो. वेर्ण्याहून ड्यूटी करून यायला आठ वाजतात, जेवण झालं की सोप्यावर बसून अर्धा तास, कधी पाऊण.

आता अडचण अशी की मी पाचवीपासून इंग्लिश मीडियमचा, घरात बोलतो कोंकणी, मराठी वाचता येतं पण मोठ्याने वाचायची सवय नाही. आई मध्येच थांबवते, चार मधला च वेगळा आणि चारा मधला च वेगळा, परत वाच म्हणते. ते मला आवडतं खरं तर. पण पुस्तक निवडताना चुकतंय. स्वामी वाचलं, ते छान झालं, तिला अर्धं पाठच आहे. मागीर मृत्युंजय काढलं, ते तिचं लाडकं पुस्तक, पण ती लांब लांब वाक्यं वाचताना माझा दम जातो आणि सूर एकच लागतो, तिसऱ्या रात्री तिला झोप लागली. तिने स्वतः वाचलं असतं तर रात्रभर जागली असती, म्हणजे दोष माझ्या वाचण्यात आहे की पुस्तक मोठ्याने वाचायचं नाही ते कळेना.

तर असं काहीतरी सांगा जे कानाला चांगलं लागेल. प्रकार कुठलाही चालेल. फार पात्रं नकोत कारण मागचं पान उलटून बघायची सोय तिला आता नाही. शक्य तर तिने न वाचलेलं. माझी मुलगी सहावीत आहे, ती पण कधी कधी येऊन बसते.

माडाखालची (मडगाव)

कुळागर बाब, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी माझ्या सासूबाईंना सहा वर्षं वाचून दाखवलंय, त्या गेल्या तेव्हा उशाशी खूण घातलेलं पुस्तक होतं, म्हणून अनुभवाने सांगते.

पहिली गोष्ट, दोष तुमच्या वाचण्यात नाही. डोळ्याने वाचायचं पुस्तक आणि तोंडाने वाचायचं पुस्तक ही दोन वेगळी असतात. मी काय करायचे तर पुस्तक घरी आणलं की मधलं कुठलंही पान उघडून स्वयंपाकघरात एकटी उभी राहून मोठ्याने वाचायचे. दम संपायच्या आत पूर्णविराम येतोय का आणि दोघं बोलत असतील तर कोण काय बोललं ते नाव न घेता कानाला कळतंय का, एवढं बघायचं. यात पास झालं तर ते पुस्तक चालणार, मग ते कितीही गंभीर असो. दुसरं म्हणजे ज्या पुस्तकात लिहिणारा बोलतोय असं वाटतं ते घ्या, जिथे लिहिणारा लिहितोय असं जाणवतं ते आईंना आवडलं तरी तुमच्या घशाला जड जाणार.

आता तुमच्या आईंसाठी माझं पहिलं नाव डोळे झाकून व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी. १९५५ची कादंबरी आहे, लहानशीच, कदाचित त्यांनी वाचलेली असेल तरी परत घ्या, कारण ती एकशिक्षकी शाळेच्या मास्तरचीच गोष्ट आहे हो. कोवळा पोरगा, पहाटे अंधारात चालत निघतो, माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला, आणि तिथे पोचल्यावर शाळेत मुलंच नाहीत. वाक्यं एवढी आखूड की तुम्हाला श्वास मोजावा लागणार नाही, आणि माडगूळकरांची गंमत ही की ते कुठे थांबून आता भावुक व्हा असं सांगत नाहीत, मेंढरं, धूळ, माणसं दाखवतात आणि पुढे जातात. पात्रं तशी बरीच आहेत पण प्रत्येकाची चाल वेगळी, आईंना गोंधळायला होणार नाही.

दुसरं, प्रकाश नारायण संतांचा लंपन. वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर अशी चार पुस्तकं, कथा सुट्या सुट्या आहेत पण मुलगा तोच. आजी-आजोबांकडे राहणारा, बेळगावकडची कानडी वळणाची मराठी बोलणारा. ही तुमच्या मुलीला पण आवडतील, सहावी म्हणजे अगदी बरोबर वय. एक कथा एका बैठकीत किंवा दोन बैठकीत होते.

तिसरं लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे. नव्वदच्या आसपास वर्षं झाली त्याला पण वाचताना वाटतं बाई शेजारच्या सोप्यावर बसून सांगतायत. नवरा धर्म बदलतो, संसार मोडतो, परत जुळतो, एवढं सगळं सोसूनही बाईंचा सूर कडू होत नाही. सासूबाईंना मी ते दोनदा वाचून दाखवलं.

आणि हो, मृत्युंजय सोडू नका, आईंना आवडतं ना, मग महिन्यातून एकदा त्यातलं त्यांच्या आवडीचं एक प्रकरण वाचा. सगळं सलग वाचायलाच हवं असं कुठे आहे.

बांद्याचो (सिंधुदुर्ग)

मी सीमेपलीकडचा पण डिचोलीला माझी बहीण दिली आहे म्हणून लिहितो. अर्नाळकर वाचलेल्या माऊलीला नुसती साधी सरळ पुस्तकं देऊ नका, तिला भीती वाटायला आवडत असणार.

गूढ आणि भय यात रत्नाकर मतकरींच्या गूढकथा मोठ्याने वाचायला सगळ्यात भारी कारण ते नाटकवाले, त्यांना ऐकणाऱ्याला कुठे थांबवायचं ते माहीत आहे. खेकडा हा संग्रह घ्या. एक कथा एक रात्र. फक्त आधी स्वतः वाचून ठेवा, कारण शेवटच्या ओळीला धक्का असतो आणि तिथे तुम्ही अडखळलात तर सगळी मजा गेली. नारायण धारपांच्या समर्थांच्या कथा पण आहेत, तिथे वातावरण हळूहळू चढतं, पाऊस कोसळतोय आणि करंट गेलाय अशी रात्र पकडून वाचा.

आमच्या वेंगुर्ल्याचे चिं. त्र्यं. खानोलकर म्हणजे आरती प्रभू. त्यांची कोंडुरा आणि रात्र काळी घागर काळी या भुताच्या गोष्टी नव्हेत पण भूत परवडलं असं काहीतरी त्यात आहे. माणसाच्या मनातली वासना आणि देवाची भीती एकत्र झाली की काय होतं ते. भाषा दाट आहे, कवीचीच भाषा, तेव्हा एका वेळी चारपाच पानांच्या वर वाचू नका. पण आईंचा जन्म कोंकण-गोव्यातला, देवचार, कौल, प्रसाद हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही, पुण्याच्या माणसाला लागेल. रडवणारी नाही पण अस्वस्थ करणारी पुस्तकं आहेत, आधी विचारून घ्या त्यांना.

हल्लीचं हवं तर आमच्या सावंतवाडीचे प्रवीण बांदेकर, चाळेगत. त्यांच्या उजव्या सोंडेच्या बाहुल्या या कादंबरीला २०२२ चा साहित्य अकादमी मिळाला पण मला चाळेगत जवळची, त्यात मालवणी बोलणं आहे आणि आपल्या पट्ट्यातलं राजकारण, जमिनी, सगळं आहे.

कानसेन

एक सोपा उपाय सांगू का. स्टोरीटेलवर मराठी ऑडिओबुक्स भरपूर आहेत, कसलेल्या कलाकारांनी वाचलेली, उच्चार स्वच्छ. आईंना एक स्पीकर लावून द्या, दिवसभर त्यांना पाहिजे तेव्हा ऐकतील, तुम्ही ड्यूटी करून दमून आल्यावर घसा फोडायची गरज नाही. मी स्वतः पणजीला जाता येता बसमध्ये ऐकतो.

माडाखालची (मडगाव)

कानसेन, दुपारच्या वेळेला ऑडिओबुक उत्तम, त्याला माझा विरोध नाही, दिवसभर एकटं बसण्यापेक्षा बरंच. पण रात्रीचा अर्धा तास वेगळा आहे. सासूबाई मला थांबवून म्हणायच्या, थांब, हे असंच आमच्याकडे झालं होतं, आणि मग त्या दिवशी पुस्तक तिथेच राहायचं आणि त्यांची गोष्ट सुरू व्हायची. यंत्राला थांब म्हणता येतं पण ते ऐकत बसत नाही ना. दोन्ही ठेवा, दुपारी ते आणि रात्री मुलाचा आवाज.

जुवारी_पार

सगळ्यांनी पुण्या-मुंबईची आणि कोंकणातली पुस्तकं सांगितली, आपल्या गोव्याचं कोणी नाव घेतलं नाही म्हणून राहवलं नाही.

बा. भ. बोरकर म्हटलं की सगळ्यांना कविता आठवतात, पण या आपल्या बाकीबाबांनी कादंबऱ्या पण लिहिल्यात. भावीण ही त्यातली, देवळाशी बांधलेल्या बाईचं आयुष्य. तिच्याबरोबर जयवंत दळवींची महानंदा वाचा, दळवींचा जन्म आपल्या हडफड्याचा, वाढले आरवलीला. दोन्हींचा विषय जवळपास एकच पण माणसं दोन, नजर दोन, आणि लागोपाठ ऐकल्या तर आईंकडे बोलायला खूप असेल, त्या पिढीने हे जवळून बघितलेलं आहे. महानंदावरून शं. ना. नवऱ्यांनी गुंतता हृदय हे नाटक केलं, ते कदाचित त्यांनी जत्रेत पाहिलंही असेल.

लक्ष्मणराव सरदेसाई, सावईवेऱ्याचे. त्यांच्या कथा आता दुकानात मिळणं कठीण, पण पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात विचारा. १८३२ पासूनची संस्था आहे ती, तिथल्या गोव्याच्या विभागात अशी जुनी पुस्तकं बघायला मिळतात. लक्ष्मणरावांच्या कथेत पोर्तुगीज काळातलं गाव आहे, भाटकार म्हणजे जमीनदार, त्यांची कुळं, पाऊस, ओढे. तुमची आई ज्या गावात वाढली असेल ते गाव.

मोहन रानड्यांचं सतीचे वाण. मूळ सांगलीकडचे, मराठी शिक्षक म्हणून गोव्यात आले आणि गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरले. १९५५ साली बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले, मागीर पोर्तुगालच्या तुरुंगात. गोवा १९६१ला मुक्त झाला पण हा माणूस सुटला १९६९ साली. विचार करा, ज्याच्यासाठी तुरुंगात गेले ते होऊन सात वर्षं झाली आणि ते आतच. लहानपणी आपल्याला शाळेत १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, भाषणं ऐकवली पण हे पुस्तक कोणी हातात दिलं नाही याचं मला वाईट वाटतं.

आणि एक गोष्ट, यावरून कोणी वाद काढू नये ही विनंती. घरात कोंकणी बोलत असाल तर कोंकणी पुस्तकं पण वाचा, देवनागरीतच आहेत. दामोदर मावजोंची कार्मेलिन, कुवेतला आया म्हणून गेलेल्या बाईची गोष्ट, आपल्या किती घरांतून बायका अशा गेल्यात. पुंडलीक नायकांची अच्छेव, १९७७ची, खाणी आल्या आणि गाव कसं आतून पोखरलं. डिचोलीत राहून ती वाचली नाही तर काय वाचलं, तुमच्या दारावरून खनिजाचे ट्रक गेलेत. महाबळेश्वर सैलांची हावठण, कुंभारांची. हेच सैल मराठीत पण लिहितात, त्यांची तांडव मराठी आहे, पोर्तुगीजांच्या सुरुवातीच्या धर्मांतराच्या काळावरची, मोठी आहे आणि जड आहे, ती शेवटी ठेवा. कोंकणी वाचताना तुमची ती चार आणि चारा मधल्या च ची अडचण पण येणार नाही, ती जिभेवरच आहे.

कुळागर (डिचोली)

सगळ्यांना मनापासून देव बरें करूं.

बनगरवाडी झाली. आईने वाचलेली होती पण चाळीस एक वर्षांपूर्वी, म्हणाली परत ऐकते. लहान पुस्तक म्हणून चार रात्रीत होईल वाटलं होतं, बारा रात्री लागल्या. कारण पहिल्याच रात्री मास्तर वाडीत पोचतो आणि शाळेत मुलं नाहीत तिथे आईने हात वर केला, वर्गात करायची तसाच, आणि सांगायला लागली. तिची पहिली शाळा सत्तरीत, देवळाच्या मंडपात भरायची, काजूच्या दिवसांत अर्धी पोरं बोंडं वेचायला जायची, मग ही स्वतः संध्याकाळी काजूत जाऊन पोरांना तिथेच पाढे म्हणायला लावायची आणि आईबाप म्हणायचे बाई तुम्ही पण वेचायला लागा. हे मला ४३ वर्षांत माहीत नव्हतं. आम्हाला फक्त ती निवृत्त शिक्षिका एवढंच माहीत.

शेवटाकडे दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होत जाते ते वाचताना माझाच आवाज बसला, मी थांबलो, तर ती म्हणाली वाच, थांबू नकोस, मास्तराने थांबायचं नसतं. माझी मुलगी पण त्या रात्री होती.

आता लंपन चालू आहे, मुलीसाठी म्हणून घेतला आणि आता तिला मी वाचलेलं चालत नाही, तिलाच वाचायचंय. म्हणजे आजी ऐकते, नात वाचते, मी नुसता बसतो. तिची मराठी माझ्यापेक्षा कच्ची पण आई तिला ओरडत नाही, मला मात्र ओरडायची.

दुपारसाठी ऑडिओबुक लावून दिलंय, कानसेन तुमचे पण आभार, ती ऐकते पण म्हणते हा माणूस फार चांगलं वाचतो, त्याला चुका काढता येत नाहीत.

अजून सांगा, विशेष करून विज्ञान, जंगल, प्राणी असलं काहीतरी. मुलीला त्यात गोडी आहे.

म्हादयकाठ (वाळपई)

जंगल म्हटल्यावर मी आलो. मारुती चितमपल्ली. वनखात्यात नोकरी करत उभं आयुष्य जंगलात काढलेला माणूस, २०२५ मध्ये गेले. रानवाटा आणि पक्षी जाय दिगंतरा पासून सुरू करा, लेख सुटे आहेत, कुठूनही वाचता येतात. त्यांनी आदिवासींकडून, पारध्यांकडून पक्ष्यांची झाडांची नावं गोळा केली. मोठ्याने वाचताना तुम्ही अशा एखाद्या नावापाशी अडला की आईंना विचारा आपल्याकडे याला काय म्हणतात, आमच्या सत्तरीत जुन्या बायकांना जेवढी पाखरं आणि पाळंमुळं माहीत आहेत तेवढी आम्हाला पुस्तकं वाचूनही नाहीत. मुलीला वही घेऊन बसवा, आजीने सांगितलेली नावं लिहून ठेवू दे. मी माझ्या आजीची लिहून ठेवली नाहीत, आता कोणाला विचारू.

माडगूळकर आवडले तर त्यांची सत्तांतर घ्या, वानरांच्या टोळ्यांची गोष्ट, १९८३चा साहित्य अकादमी तिला आहे. छोटीशीच. माणूस जवळपास नाहीच त्यात, फक्त वानरं आणि सत्ता कुणाकडे जाते ते. पिल्लं मारण्याचे प्रसंग आहेत, सहावीतल्या मुलीला आधी कल्पना द्या पण लपवू नका, निसर्ग तसाच आहे.

आणि पाडस. राम पटवर्धनांनी द यिअरलिंग या अमेरिकन कादंबरीचा केलेला अनुवाद, अनुवाद आहे हे कुठे जाणवतच नाही अशी मराठी. ज्योडी नावाचा मुलगा आणि हरणाचं पिल्लू. शेवट फार जीवघेणा आहे, मी तिशीत वाचलं आणि दोन दिवस कोणाशी बोललो नाही. पण दिलंच पाहिजे असं पुस्तक.

विज्ञानासाठी नारळीकरच. यक्षांची देणगी मधल्या कथा मोठ्याने वाचायला एकदम सोप्या, सरळ भाषा, कल्पना मात्र डोक्यात राहते. त्यांची पहिली कथा कृष्णविवर, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी टोपणनावाने पाठवली होती, आपल्या नावाकडे बघून बक्षीस मिळू नये म्हणून. हे मुलीला सांगा, पोरांना असल्या गोष्टी लक्षात राहतात. नंदा खरेंची उद्या ही कादंबरी, नजर ठेवणाऱ्या यंत्रांच्या जगाबद्दल, ती मोठ्यांची, म्हणजे तुमच्यासाठी, आईंना वाचून दाखवायला नको, तिच्यात धागे खूप आहेत.

रंगपट (फोंडा)

एक वेगळी सूचना. नाटकं वाचा!

आपल्याकडे जत्रेला, शिगम्याला नाटक होत नाही असा गाव दाखवा. आईंच्या पिढीला जुनी संगीत नाटकं कानावर पडून अर्धी पाठ असतात. देवलांचं संशयकल्लोळ आणा आणि वाटून घ्या, तुम्ही फाल्गुनराव, तुमची बायको कृत्तिका, मुलगी रेवती, आणि अश्विनशेठ कोणाला जमेल त्याला. आईंना सांगा दिग्दर्शन तुमचं. आमच्या घरी चवथीला, म्हणजे गणपतीत, सगळे जमतात तेव्हा आम्ही हे करतो, आरती आणि जेवण झालं की गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून, आणि आमची एक आत्या जिला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही ती पदं सुरू झाली की एक शब्द चुकत नाही.

विनोदात पुलंचं व्यक्ती आणि वल्ली आहेच, ते सगळ्यांनाच माहीत म्हणून वेगळं लिहीत नाही. पण पुलंचंच एका कोळियाने कमी लोक वाचतात, हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याच्या गोष्टीचा अनुवाद. चौऱ्याऐंशी दिवस मासा मिळालेला नाही आणि म्हातारा तरी होडी काढतो. एक माणूस, एक मासा, समुद्र. पात्रांचा गोंधळ शून्य. आपण मासे खाणारी माणसं, आपल्याला तो मासा डोळ्यांसमोर दिसतो.

तिठ्यावरचा

कोसला कसं कोणी सांगितलं नाही? नेमाड्यांनी पंचविशीत लिहिलेली, १९६३ची. पुढे ते आपल्या गोवा विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक पण होते. पांडुरंग सांगवीकर सगळं बोलूनच सांगतो, वाक्यं तुटकी, मध्येच उडी, मोठ्याने वाचली की अजून चांगली लागते. आम्ही हॉस्टेलवर रात्री आळीपाळीने वाचायचो, दिवा घालवायची वेळ झाली तरी कोणी उठत नसे.

माडाखालची (मडगाव)

तिठ्यावरचा, मी कोसला सासूबाईंना वाचायला घेतली होती, त्यांना पांडुरंगाचा राग आला, बापाच्या पैशावर असा वागतो म्हणून. पण त्याची धाकटी बहीण मनू जाते ते प्रकरण ऐकल्यावर त्या गप्प झाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं आज तो मुलगा कसा आहे. तेव्हा तुमचं म्हणणं पटतं मला, फक्त सुरुवातीची पन्नास पानं धीर धरावा लागतो. कुळागर बाब, आई रागावल्या तर थांबू नका.

आणखी एक राहिलं, विश्राम बेडेकरांचं रणांगण. १९३९चं. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, त्यात हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू, एक मराठी तरुण आणि हॅर्टा. लहान आहे, आठवड्यात होईल. ते मात्र मुलगी झोपल्यावर वाचा, आणि शेवटची पत्रं तुम्ही आधी एकदा मनात वाचून घ्या.

कुळागर (डिचोली)

सगळं उतरवून घेतलं. वही आता मुलीकडे आहे, पाखरांची नावं लिहायला म्हणून केली आणि त्यात मागून पुस्तकांची यादी.

सध्याची परिस्थिती सांगतो. मतकरींच्या तीन कथा झाल्या, तिसरीच्या वेळी खरंच करंट गेला आणि आई म्हणाली टॉर्च लाव पण थांबू नकोस. चितमपल्ली मिळाले, त्यातल्या पक्ष्यांच्या नावांवर आई आणि मुलगी तास तास बसतात, वहीत आजपर्यंत एकवीस नावं झालीत, त्यातली सहा मी कधी ऐकली पण नव्हती. अच्छेव वाचायला घेतली तर पहिल्या रात्रीच आई खूप वेळ बोलत राहिली, खाणीच्या दिवसांत धुळीने वर्गातला फळा लाल व्हायचा आणि पुसला तरी अक्षर उमटायचं नाही, त्याबद्दल. ती संपायला महिना लागेल असं दिसतंय. घाई नाही.

चवथीला संशयकल्लोळ करायचं नक्की झालंय, भाऊ मुंबईहून येतो तो अश्विनशेठ. आईने आत्ताच सांगून ठेवलंय की पदं गाळायची नाहीत.

आता एक काम. श्री. ना. पेंडशांचं तुंबाडचे खोत तिला ऐकायचंय, चार पिढ्यांची गोष्ट आहे, पात्रं खूप आहेत हे मी म्हणालो तर म्हणाली मी शंभर पोरांची नावं बापाच्या नावासकट लक्षात ठेवायचे, तू वाच. माझ्याकडे पहिला खंड आहे, दुसरा आमच्या इथल्या वाचनालयात सापडत नाही. डिचोली, साखळी, म्हापसा या बाजूला कोणाकडे असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन, पुठ्ठा घालून परत देईन. पहिला खंड चवथीनंतर सुरू करणार, म्हणजे दुसरा मला नाताळापर्यंत मिळाला तरी चालेल.

जुवारी_पार

आहे माझ्याकडे. थोडा कसरीने खाल्लाय पण पानं सगळी आहेत. पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येणार आहे, निरोप टाका.